पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे प्रतिकारशक्ती वाढली?

एक समज सर्रास पुढे पाठवला जातो: रक्तात पांढऱ्या पेशी जितक्या जास्त, तितकी प्रतिकारशक्ती दांडगी, जखमेत पू नाही म्हणजे जंतू नाहीत, आणि काही कमी पडलंच तर काढा आहे.

यातला पहिला दावा सर्वांत फसवा. मोठ्या माणसात या पेशी मायक्रोलिटरला साधारण 4,000 ते 11,000 असतात. ‘ल्युकोसाइट अ‍ॅडहिजन डेफिशियन्सी’ (एलएडी) या दुर्मिळ जन्मजात आजारात त्या संसर्ग नसतानाही वाढलेल्या दिसतात, संसर्गात तर लाखाच्या घरात जाऊ शकतात. तरी बाळ पुन्हा पुन्हा गंभीर आजारी पडतं, कारण जंतू ऊतींमध्ये आणि पेशी रक्तातच अडकलेल्या. बाहेर पडायचं तर न्यूट्रोफिलला (जंतूंशी लढणारी एक पांढरी पेशी) आधी रक्तवाहिनीच्या अस्तरावरून घरंगळत वेग कमी करावा लागतो, मग घट्ट चिकटावं लागतं, मग भिंतीतून पलीकडे सरकावं लागतं. घरंगळायला सिलेक्टिन नावाची प्रथिनं लागतात, चिकटायला इंटिग्रिन नावाची. एलएडी-1 या प्रकारात आयटीजीबी2 जनुकातल्या दोषामुळे इंटिग्रिनचा सीडी18 हा भाग नसतो किंवा तोकडा पडतो. एलएडी-3 मध्ये इंटिग्रिन जागेवर असतात, पण किंडलिन-3 या प्रथिनाअभावी कामालाच लागत नाहीत. रक्त गोठवायला मदत करणाऱ्या प्लेटलेटचंही तेच होतं, म्हणून रक्तस्रावही होतो. (स्टेरॉइडने अहवालातला आकडा फुगतो, त्यातही भिंतीला टेकलेल्या पेशी सुटून प्रवाहात येण्याचा मोठा वाटा असतो. त्याला कोणी ताकद म्हणेल का?)

आता पू. पू म्हणजे मुख्यतः मेलेले न्यूट्रोफिल. ते पोहोचलेच नाहीत तर पू होणार कशाचा? एलएडी-1 च्या बाळाची नाळ गळायला बहुधा उशीर होतो, कधी महिन्याहून जास्त. बेंबीला संसर्ग होतो, जखम चिघळते, पण पू दिसत नाही. नुसती नाळ उशिरा गळली म्हणजे एलएडीच, असं मात्र नाही.

काढ्याने जनुक बदलत नाही. एलएडी-1 तीव्र असेल तर मूळपेशी प्रत्यारोपण हा प्रस्थापित उपाय. एलएडी-2 मध्ये फ्यूकोज ही साखर पेशीच्या आत जिथे हवी तिथे पोहोचत नाही, त्यामुळे सिलेक्टिनला धरायला काही उरत नाही. या रुग्णांचा रक्तगटही ‘बॉम्बे’ हा दुर्मिळ गट निघतो. (इतर बॉम्बे गटवाल्यांनी घाबरू नये, त्यांच्यातला दोष वेगळ्या जनुकात असतो.) एलएडी-2 च्या काही रुग्णांना तोंडावाटे फ्यूकोज दिल्यावर संसर्ग कमी झाले, काहींना उपयोग झाला नाही.