दोषदुरुस्ती अहवाल सरकारनेही द्यावा

पुण्यात कोथरूडमधल्या आमच्या ३६ सदनिकांच्या सोसायटीचा मी सहा वर्षं खजिनदार होतो. हिशेब चोख असायचे, तरी ते मीच तपासून चालत नसे. कायद्याने सरकारमान्य नामतालिकेवरचा लेखापरीक्षक नेमायचा, त्याने काढलेले दोष सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचे आणि एकेका दोषाचं काय केलं याचा दोषदुरुस्ती अहवाल द्यायचा. टँकरची एक पावती सापडेना म्हणून मी रात्री जागून फायली उपसल्या आहेत.

मग राज्याच्या कार्बन उत्सर्जनाचा हिशेब कोण तपासणार? ज्यांनी उत्सर्जन घटवण्याचा आराखडा केला तेच प्रगतीही सांगणार, हे मला पटत नाही. महापालिकेचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल कायद्याप्रमाणे दरवर्षी ३१ जुलैपर्यंत सभागृहापुढे ठेवायचा असतो. मी तो आवडीने वाचतो, त्यात कामाची माहिती असते. पण तोही प्रशासनच मांडतं.

ब्रिटनने २००८ च्या हवामान बदल कायद्यानेच तज्ज्ञांची स्वतंत्र समिती नेमली. ती दरवर्षी थेट संसदेला अहवाल देते आणि सरकारला उत्तर द्यावंच लागतं. म्हणजे दोषदुरुस्ती अहवालच की! कॅलिफोर्नियाने उत्सर्जन घटवण्याचं २०२० चं लक्ष्य चार वर्षं आधीच गाठलं होतं. तरी जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या विधिमंडळाच्या निष्पक्ष विश्लेषण कार्यालयाने लिहिलं की २०३० चं लक्ष्य, म्हणजे १९९० च्या तुलनेत ४० टक्के घट, कसं गाठणार हे नव्या आराखड्यात स्पष्ट नाही.

आपल्याकडे २०१९ पासून पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेच्या, इलेक्ट्रिक बस धावतात. कर्वे रस्त्यावर बस शेजारून गेली तरी धूर येत नाही, याचा मला मनापासून आनंद आहे. पण डेपोत येणारी वीज अजून बरीचशी कोळशाची आहे, तो धूर चंद्रपूर-कोराडीच्या वीजकेंद्रांत निघतो. मग निव्वळ घट किती? सौरऊर्जा वाढली की ही घट किती वाढेल? हे गणित ज्याची बढती त्यावर अवलंबून नाही अशा माणसाने मांडायला हवं.

‘कॅग आहे ना,’ असं एक मित्र म्हणाला. कॅगचं काम मोलाचं आहे, पण ते मुख्यतः झालेल्या कारभाराचं. कोळशावरचा कोणता वीजनिर्मिती संच कधी बंद करता येईल, याची शास्त्रीय छाननी वेगळ्या जाणकारांनी करायची गोष्ट आहे.

आमच्या आमदारांना पत्र लिहितोय. मागण्या दोनच: कायद्याने नेमलेली स्वतंत्र तज्ज्ञ समिती, आणि तिच्या अहवालाला सरकारचं मुद्देनिहाय लेखी उत्तर, तेही विधिमंडळाच्या पटलावर. रविवारी मसुदा पूर्ण होईल. सही करायची असेल त्यांनी कळवा.