एबिंगहाउसच्या नावावर खपवलेले ९० टक्के
सध्या एक पोस्ट फिरतेय, खाली घसरगुंडीसारखा आलेख आणि वर लिहिलंय की 'हरमान एबिंगहाउस या शास्त्रज्ञाने शेकडो विद्यार्थ्यांवर प्रयोग करून सिद्ध केलं, माणूस शिकलेलं एका दिवसात ७० टक्के आणि आठवड्यात ९० टक्के विसरतो, म्हणून त्याने सांगितलेल्या ठरावीक दिवशीच उजळणी करा'. इतकं एका दमात चुकीचं लिहायलाही कौशल्य लागतं.

शेकडो विद्यार्थी वगैरे कोणी नव्हतं हो. १८८५ ला छापलेल्या त्या अभ्यासात प्रयोग करणारा एबिंगहाउस आणि ज्याच्यावर प्रयोग चाललाय तोही एबिंगहाउसच. दोन व्यंजनं आणि मधे एक स्वर असे, म्हणजे 'झोफ', 'डिख' छापाचे सुमारे २३०० निरर्थक तुकडे तयार केले, चिठ्ठ्यांवर लिहिले, पिसले आणि घड्याळाच्या टिकटिकीवर एका लयीत वाचत वर्षानुवर्षं एकटाच घोकत बसला. भन्नाट चिकाटी, पण माणूस एकच!

आता आकडे. ७० टक्के कुठून आला ते कळतं, एका दिवसानंतरचा त्याचा आकडा ३३.७ टक्के आहे, १०० मधून वजा करा. पण तो आकडा 'किती आठवलं' याचा नाहीच, गंमत इथेच आहे. यादी बिनचूक म्हणता येईपर्यंत पहिल्यांदा समजा १०० सेकंद लागले आणि दुसऱ्या दिवशी तीच यादी परत पाठ करायला ६६ लागले, तर ३४ वाचले, हे तो मोजत होता. यादीतलं एकही अक्षर आपणहून आठवत नसलं तरी वेळ वाचू शकतो, म्हणजे डोक्यात काहीतरी शिल्लक आहे, आणि ही शिल्लक पकडणं हीच तर त्याची खरी कमाल, जी पोस्टवाल्याने पार उलटी करून टाकली.

आठवड्यात ९० हे तर त्याच्या तक्त्यात नाहीच. सहा दिवसांनी ही वेळेची बचत २५.४ टक्के, एकतीस दिवसांनी २१.१. पहिल्या तासाभरात धाडकन पडते आणि मग जवळजवळ आडवीच होते, घसरगुंडी कसली. २०१५ मध्ये हा प्रयोग पुन्हा केला गेला (तेव्हाही एकाच माणसावर!) आणि आलेख बराचसा तसाच आला.

उजळणीचं वेळापत्रकही त्याचं नाही. अंतर ठेवून केलेला अभ्यास जास्त टिकतो हे मात्र त्याने दाखवलं, १२ तुकड्यांच्या यादीला एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जो फायदा झाला तो तीन दिवसांत मिळून ३८ वेळा वाचून झाला. अमुक दिवशीच बसा असा हुकूम त्यात कुठेय?

आणि हे सगळं बिनअर्थाच्या अक्षरांचं. त्याने बायरन या इंग्रज कवीच्या 'डॉन हुआन' या दीर्घकाव्यातली कडवीही पाठ केली होती, त्यांना निरर्थक तुकड्यांच्या मानाने साधारण दहावा हिस्सा कष्ट पुरले. त्यातली काही कडवी २२ वर्षांनी परत पाठ करायला घेतली तेव्हा ओळखीचीही वाटली नाहीत म्हणे, तरी नव्या कडव्यांपेक्षा कमी वेळात झाली.