बीएसए आधी बंदुकांची, मग मोटरसायकलची

बीएसएची गोल्ड स्टार ही मोटरसायकल पुन्हा बाजारात आल्यापासून बीएसएबद्दलचा एक मजकूर सगळीकडे फिरतो आहे. त्याचा आशय असा: बीएसए ही मुळात इंग्लंडची मोटरसायकल कंपनी, तिने जोडधंदा म्हणून मुलांसाठी छऱ्याच्या बंदुका काढल्या, 1973 मध्ये कंपनी बुडाली आणि बंदुकाही संपल्या, आता बीएसए भारताची झाली. यातली पहिली तीन विधाने चुकीची आहेत आणि चौथे अर्धवट. बर्मिंगहॅमच्या बंदूक-कारागिरांची पुरी शंभर वर्षे यात पुसली जातात, हे मला खटकते.

"मुळात मोटरसायकल कंपनी." जुन्या बीएसए गाडीच्या टाकीवरचे चिन्ह पाहा: एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स कंपनी 1861 मध्ये स्थापन झाली. ब्रिटिश सरकारने एनफील्डच्या सरकारी बंदूक-कारखान्यात अमेरिकी यंत्रे आणली, एकसारखे सुटे भाग झपाट्याने निघू लागले आणि बर्मिंगहॅमच्या हातकामावर गदा आली. तेव्हा तिथल्या 14 बंदूकवाल्यांनी एकत्र येऊन स्मॉल हीथ इथे 25 एकर जागा घेतली. सायकली 1880 पासूनच्या. संपूर्णपणे स्वतःची अशी पहिली मोटरसायकल 1910 ची.

"जोडधंदा, मुलांसाठी." बीएसएची एअर रायफल, म्हणजे हवेच्या दाबाने छरा मारणारी बंदूक, 1905 ची, म्हणजे त्या मोटरसायकलच्याही पाच वर्षे आधीची. दक्षिण आफ्रिकेतले बोअर युद्ध 1902 मध्ये संपले आणि लष्करी मागणी आटली. त्याच युद्धामुळे सामान्य माणसाला नेम धरता आला पाहिजे, ही भावना इंग्लंडभर पसरली होती आणि नेमबाजीचे क्लब निघत होते. बर्मिंगहॅमचेच बंदूककार लिंकन जेफ्रीज यांनी 1904 मध्ये एका रायफलचे पेटंट घेतले आणि ती बनवायचे काम बीएसएकडे आले.

तिची रचना नीट समजून घेण्यासारखी आहे. जत्रेत फुगे फोडायला मिळते त्या बंदुकीची नळी मधून मोडून स्प्रिंग दाबतात. रोज मोडणाऱ्या नळीचा सांधा सैल झाला की नेम हलतो. जेफ्रीज यांनी नळी पक्की ठेवली, स्प्रिंग दाबायला खाली वेगळी दांडी दिली आणि छरा घालायला नळीच्या मागे फिरती तोटी बसवली. तोटी उघडायची, छरा टाकायचा, बंद करायची. नळी जागची हलत नाही.

ही रायफल वापरणारे होते कामगार. बर्मिंगहॅमच्या आसपासच्या पबमध्ये संध्याकाळी घंटेवर नेमबाजीच्या स्पर्धा होत: सहा यार्डांवर लोखंडी पत्रा, त्यात जेमतेम साडेनऊ मिलिमीटरचे भोक, मागे घंटा. छरा भोकातून गेला तरच घंटा वाजणार. याला पोरखेळ म्हणणाऱ्याने एकदा त्या भोकाचे माप बोटावर धरून पाहावे. ब्रिटिश कायदाही हिला खेळणे मानत नाही: 12 फूट-पाउंडांपेक्षा, म्हणजे साधारण 16 ज्यूलपेक्षा, जास्त ताकदीच्या एअर रायफलला तिथे बंदुकीचा परवाना लागतो.

"1973 मध्ये बंदुकाही संपल्या." त्या साली मोडला तो मूळ उद्योगसमूह, मोटरसायकली नॉर्टन व्हिलियर्स ट्रायम्फ या कंपनीकडे गेल्या. बंदुकांचे काम स्मॉल हीथमध्ये चालूच राहिले. 1959 मध्ये आलेली मीटिओर ही एअर रायफल त्यानंतरही कित्येक वर्षे विकली जात होती. 1986 मध्ये बंदुकांची कंपनीही दिवाळ्यात निघाली, पण तिचा कारभार स्पेनच्या गामो या एअरगन कंपनीने घेतला आणि बीएसए गन्स हे नाव टिकले.

"बीएसए भारताची झाली." महिंद्राच्या क्लासिक लेजंड्सने 2016 मध्ये घेतली ती मोटरसायकलची बीएसए. आपल्याकडे घरोघरी असलेली बीएसए सायकल चेन्नईच्या टीआय सायकल्सची. एअर रायफलचा आज या दोघांशीही संबंध नाही.