पोलीस खात्याचा खर्च आणि गावकामगार : एका प्रतिक्रियेला उत्तर

एवढी सविस्तर कॉमेंट लिहिलीत त्याबद्दल मनापासून आभार. दोन ओळीत उरकण्यासारखं नाहीये म्हणून जरा लांबण लावतोय. तुमचे आक्षेप थोडक्यात असे, की मुंबई इलाख्याच्या पोलिसांवरच्या लेखात मी महार, रामोशी, पाटील या गावकामगारांना उगाच आणलं, ते पोलीस डिपार्टमेंटचे नव्हतेच. त्यांना वतनाची (म्हणजे पिढीजात चाकरीबद्दल मिळालेली) जमीन होती म्हणजे फुकट राबवलं म्हणणं चूक. आणि वतन तर शिवकाळाच्याही आधीचं, मग इंग्रजांचा काय दोष.

डिपार्टमेंटचे नव्हते हे अगदी बरोबर, आणि माझा मुद्दा तिथूनच सुरू होतो. 1857 नंतर सरकार कर्जात होतं, 1860 मध्ये इन्कम टॅक्स आला, त्याच वर्षी पोलीस कमिशन नेमलं त्यातही काटकसर हा मोठा हेतू होता. आपल्याकडे मग 1867 साली दोन कायदे झाले, क्रमांक 7 चा जिल्हा पोलिसांचा आणि लगेच क्रमांक 8 चा गावपोलिसांचा. पहिल्यातल्या माणसाला ड्रेस आणि पगार (तोही किती, तर शिपायाला निदान 8 रुपये तरी द्या असं 1902-03 च्या फ्रेझर पोलीस कमिशनला सांगावं लागलं), आणि दुसऱ्यातल्याचा भार मुख्यतः गावावर. आता गावात खून झाला तर वर्दी पाटलाने द्यायची, फौजदार येईपर्यंत प्रेताची राखण महाराने करायची, तालुक्याला निरोप घेऊन त्यानेच पळायचं, चोराचा माग रामोशाने काढायचा, वसुलाचा भरणा कचेरीत पोचवतानाही सोबत महारच. हे सगळं पोलीस खात्याच्या खर्चात धरलं असतं तर ते खातं इतकं स्वस्त दिसलंच नसतं.

जमिनीचं म्हणाल तर ती पिढ्यानपिढ्या वाटण्या होऊन तुकड्यांवर आली, पण नोकरी काही वाटली गेली नाही, ज्याची पाळी तो नसेल तर घरातल्या कुणीही जायचं, रात्र असो की पाऊस. वर बलुतं (कामाबद्दलचा धान्याचा वाटा) द्यायचं रयतेने आणि चाकरी सरकारची, म्हणजे गाव नाराज झालं की पोट बंद. डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कौन्सिलात वतन कायदा बदलायचं बिल आणलं ते ह्याच कारणाने, आणि ते पास होऊ शकलं नाही ह्याचं मला आजही वाईट वाटतं. महारांसारख्यांची ही कनिष्ठ वतनं रद्द व्हायला 1958 चा कायदा यावा लागला.

वतन जुनं होतं, मान्य. पण 1874 च्या वतन कायद्याने ते कलमांत बसवून कलेक्टरच्या हातात दिलं, आणि जातीने ठरलेलं काम सरकारी सक्तीचं झालं, ह्याची जबाबदारी ज्यांनी तो कायदा केला त्यांचीच.

अजून एक, पैसे लोकांकडून काढायची रीत शहरातही होतीच की. 1897 मध्ये प्लेग अधिकारी रँडच्या खुनानंतर पुण्यावर जादा पोलीस बसवले आणि त्याचा खर्च पुणेकरांच्याच माथी मारला.

तुमचे पणजोबा पोलीस पाटील होते असं लिहिलंयत. घरात जुनं दप्तर असेल तर त्यातल्या मुशाहिऱ्याच्या (रोख मानधनाच्या) आणि बलुत्याच्या नोंदींचे फोटो पाठवाल का? त्यांच्या हाताखाली राबणाऱ्या माणसांना नेमकं काय मिळत होतं ते मला बघायचंय.