एका कुळातील चिप्स, एकच ड्रायव्हर : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आरके८०८ या वीज-व्यवस्थापन चिपसाठी लिहिलेल्या लिनक्स ड्रायव्हरमध्येच (चिप हाताळणाऱ्या प्रोग्राममध्येच) २०१९ साली आरके८०९ आणि आरके८१७ यांची भर कशी घातली गेली, यावरील माझ्या लेखावर आपण साताऱ्याहून सविस्तर प्रतिक्रिया पाठवलीत, त्याबद्दल आभारी आहे. आपले आक्षेप दोन आहेत. या चिप्स इतक्या भिन्न आहेत की प्रत्येकीला स्वतंत्र ड्रायव्हर हवा होता, सगळ्यांची एकत्र मोट बांधल्याने कोड फुगतो आणि नव्या चिपसाठी केलेला बदल जुन्या बोर्डाला नडतो, हा पहिला. आणि चिप कोणती आहे हे डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर कोणते भाग आहेत हे कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगणाऱ्या फाइलीत) लिहून ठेवण्यापेक्षा थेट चिपलाच विचारावे, हा दुसरा.

चिप्स भिन्न आहेत याबद्दल वादच नाही. आरके८०८ मध्ये चार बक (व्होल्टेज कार्यक्षमतेने उतरवणारे रेग्युलेटर), आठ एलडीओ (कमी भारासाठीचे साधे रेग्युलेटर) आणि दोन स्विच आहेत. आरके८०९ मध्ये बक पाच आणि एलडीओ नऊ. आरके८१७ मध्ये बक चारच, पण सोबत बॅटरी चार्जर आणि बूस्ट (व्होल्टेज चढवणारा रेग्युलेटर). (तासगाव भागातल्या द्राक्षबागांत हवामानाच्या नोंदी घेणाऱ्या ज्या पेटीचा उल्लेख लेखात आहे, तिच्यासाठी आम्ही सांगलीत आरके८१७ चा बोर्ड निवडला तो या चार्जरमुळेच.) शिवाय आरके८०८ चा पहिला बक ७१२.५ मिलिव्होल्टपासून सुरू होऊन १२.५ मिलिव्होल्टच्या पायरीने चढतो, तर आरके८१७ चा पहिला बक त्याच पायरीने, पण ५०० मिलिव्होल्टपासून चढतो. म्हणजे एक व्होल्ट हवा असेल तर एकीकडे चिपच्या रजिस्टरात (सेटिंग साठवणाऱ्या कप्प्यात) २३ हा आकडा लिहावा लागतो आणि दुसरीकडे ४०. आणि हाच ४० आरके८०८ च्या बकला दिला, तर १.२१२५ व्होल्ट बाहेर पडतील, म्हणजे मागितल्यापेक्षा बरेच जास्त.

मात्र हा सगळा फरक तक्त्यात मावतो, हे आपल्या प्रतिक्रियेत विचारात घेतलेले दिसत नाही. मागितलेल्या व्होल्टेजसाठी कोणता आकडा लागेल हे काढणे आणि बोर्डाने घातलेली मर्यादा पाळणे ही कामे २००८ पासून कर्नलमध्ये असलेली रेग्युलेटरची सामाईक चौकट करते. ड्रायव्हरने तिला प्रत्येक रेग्युलेटरचे वर्णन पुरवायचे असते. आरके८०९ चा पाचवा बक याचे चांगले उदाहरण आहे. त्याचे आठ टप्पे १.५, १.८, २.०, २.२, २.८, ३.०, ३.३ आणि ३.६ व्होल्ट असे वेडेवाकडे आहेत, तरी त्यासाठी वेगळे फंक्शन लिहावे लागलेले नाही. वर्णनात चार छोटे पल्ले नोंदवून काम भागले. रिअल टाइम क्लॉकचेही तसेच. आरके८०८ मधील घड्याळ नोव्हेंबर महिना ३१ दिवसांचा मोजते, म्हणून त्याच्या ड्रायव्हरमध्ये १ जानेवारी २०१६ हा दिवस आधार धरून तारखांचे रूपांतर केले जाते. आरके८१७ साठी त्याच ड्रायव्हरमध्ये रजिस्टरांच्या पत्त्यांचा दुसरा संच तेवढा जोडला गेला. स्वतंत्र ड्रायव्हर लिहिले असते, तर तारीख वाचणे, लिहिणे आणि गजर लावणे यांचा तोच कोड दोन ठिकाणी सांभाळत बसावे लागले असते.

जेथे वागणूकच बदलते, तेथे आपला आक्षेप मी मान्य करतो. बोर्ड बंद करताना आरके८०९ आणि आरके८१७ यांच्या स्लीप पिनचे काम आधी बदलून ठेवावे लागते, आरके८०८ ला तसे काही लागत नाही. अशा जागी चिपचे नाव पाहून फाटा फोडावा लागतो आणि असे फाटे वाढू लागले की कोड वाचणे अवघड होते. बसचा, म्हणजे चिप आणि प्रोसेसर यांच्यातील जोडणीचा, प्रश्न तर त्याहून मोठा. याच कुळातली आरके८०६ आली ती एसपीआय या बसवरही चालणारी होती, आणि आयटूसी ही दुसरी बस गृहीत धरून लिहिलेल्या फाइलीत तिला जागाच नव्हती. त्यामुळे २०२३ साली त्या फाइलीचे सामाईक गाभा, आयटूसीचा भाग आणि एसपीआयचा भाग असे तुकडे केले गेले. मला ही विभागणी योग्य वाटते, आणि ती चिपच्या नावानुसार झालेली नाही हे लक्षात घ्यावे. नावावर विसंबू नये याचे दुसरे उदाहरण एक्सपॉवर्सच्या एएक्सपी२२१ आणि एएक्सपी२२३ या चिप्सचे आहे : दोघींचे रेग्युलेटर सारखेच, मुख्य फरक प्रोसेसरशी जोडणाऱ्या बसचा.

आता ओळखीचा मुद्दा. चिपला विचारावे हे तत्त्व म्हणून ठीक आहे, पण विचारायचे कोणत्या रजिस्टरात? आरके८०८ आणि याच कुळातली आरके८१८ यांची ओळख हेक्स (सोळाच्या पायावरील अंकपद्धतीतील) १७ आणि १८ या पत्त्यांवर असते, आरके८०९ आणि आरके८१७ यांची ईडी आणि ईई या पत्त्यांवर. म्हणून जुना ड्रायव्हर आधी डिव्हाइस ट्रीमधले नाव पाहत असे, त्यावरून पत्ता ठरवत असे आणि मग ओळख वाचत असे. म्हणजे उत्तर हाती असल्याशिवाय प्रश्नच विचारता येत नव्हता. त्यातही आरके८१७ आपली ओळख ८१७ अशी नीट सांगते (शेवटचा हेक्स अंक आवृत्तीचा, तो सोडून द्यायचा), पण आरके८०८ तेथे चक्क शून्य देते. शून्यावरून ‘ही आरके८०८ च आहे’ असा निर्वाळा मी तरी देणार नाही, आणि २०२३ च्या त्या फेरमांडणीत डिव्हाइस ट्रीमधील नावालाच प्रमाण मानले गेले ते मला म्हणूनच पटते. वाचलेली ओळख त्या नावाशी ताडून पाहावी आणि जुळली नाही तर ड्रायव्हरने पुढे जाऊ नये, ही आपली पर्यायी सूचना आरके८०९, आरके८१७ आणि आरके८१८ यांच्यापुरती अमलात आणता येईल. आरके८०८ ला मात्र तिच्यातून वगळावे लागेल.