मागचे दोन स्पीकर आणि माझा खिसा

परत तेच! होम थिएटरचे मागचे दोन स्पीकर बदलायला नवी पेठेत गेलो, तर दुकानदार म्हणतो, "मालक, रिसीव्हरच बदला की ओ." (रिसीव्हर म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा डबा.) का? तर नवे स्पीकर ४ ओहमचे, माझा जुना डबा ८ ओहमच्या स्पीकरसाठीचा (ओहम जितके कमी, तितका डब्यावर भार जास्त). बदलला. मग कळलं, टीव्हीला साधा एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरीतून रिसीव्हरकडे पाठवायची सोय). ट्रूएचडीचा (डॉल्बीचा, दर्जा जराही न घटवणारा) आवाज त्यातून जातच नाही, ईएआरसीवाला (एआरसीची सुधारित आवृत्ती) टीव्ही लागतो! नाल सापडली म्हणून घोडा घ्यायचा का? त्यात हॉलमध्ये फरशी, आवाज नुसता घुमतोय. शेवटी भिंतीला दोन सोलापुरी चादरी टांगल्या (जाड, जेकार्ड मागावर विणलेल्या). एवढ्या खर्चात खरा फरक पडला तो चादरींनी. आणि आई विचारते, "पाहुण्यांना आता काय पांघरायला देऊ?"