गोळ्या, खोकी आणि चिमूटभर मीठ: नेरूळच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

'निवृत्त होऊन बारा वर्षं झाली' असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणतेय. प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी मात्र वही आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन बसले, म्हणून उत्तराला आठवडा लागला.

इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. काकांनी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका औषध कारखान्यात पॅकिंगला ३१ वर्षं काढली. पावसाळ्यात घरातली औषधं कशी ठेवावीत यावरचा माझा लेख वाचून ते लिहितात, "बाई, डबे विकायचा धंदा काढलाय का? कंपनी गोळी पाकिटात बंद करते ती काय हौस म्हणून? तुम्ही ती फोडून काचेच्या बरणीत भरायला सांगता, वर दमट हवा डब्यात कोंडून ठेवता. आमच्या हिने चाळीस वर्षं औषधं गोदरेजच्या कपाटात ठेवली, कुणाला काही झालं नाही."

धंदा काढलेला नाही. कुठल्याही डबेवाल्या कंपनीने मला आजवर एक झाकणसुद्धा फुकट दिलेलं नाही. बाकीचं मात्र नीट बोलायला हवं.

बरणीबद्दल तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. 'सगळ्या गोळ्या एकसारख्या छोट्या बरण्यांत भरल्या की कपाट कसं नेटकं दिसतं' हे वाक्य लिहिताना माझ्यासमोर औषधं नव्हती, फोटो होता. आणि मला हे कळायला हवं होतं, कारण आमच्याच घरात एकदा फजिती झालीय. सासऱ्यांना फिटसाठी सोडियम व्हॅल्प्रोएट चालू होतं. सासूबाईंची शिस्त कडक. दर रविवारी त्या आठवड्याच्या गोळ्या पाकिटातून काढून सात खणांच्या डबीत मांडायच्या. नौपाड्यात आमचं घर तळमजल्यावर, जुन्या इमारतीत. जुलैत भिंतीला हात लावला तर ओला होतो. बुधवारपर्यंत ती गोळी बोटाला चिकटायला लागली, शनिवारची तर चमच्याने खरवडून काढावी लागली. गोळी खराब निघाली असं आम्ही धरून चाललो होतो. दुकानदाराने विचारलं, "पाकिटातून कधी काढली?" आणि विषय संपला. हे औषध हवेतलं पाणी इतकं खेचतं की ते बनवतानाही खोलीतली आर्द्रता मुद्दाम कमी ठेवतात. ते पाकीट तोंडात टाकायच्या क्षणापर्यंत फोडायचं नसतं.

यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती, ती तुमच्यामुळे आली. पाकिटावरची मुदतीची तारीख नुसत्या गोळीची नसते, त्या पाकिटात बंद असलेल्या गोळीची असते. कंपनी चाचणी घेते तीही तशीच. विकायच्या पॅकिंगसकट माल ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून बघतात. गोळी बाहेर काढली की त्या तारखेला काही अर्थ उरत नाही. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड असलेलं अँटिबायोटिक दोन्हीकडून ॲल्युमिनियम असलेल्या पाकिटात येतं, ते उगाच नाही. रक्त गोठू नये म्हणून देतात त्या डॅबिगॅट्रानच्या कॅप्सूलही सात खणांच्या डबीत ठेवायला स्पष्ट मनाई आहे. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्यांची गंमत वेगळीच. तिथे औषधच उडून जातं आणि प्लॅस्टिक ते शोषून घेतं, म्हणून ती आपल्या मूळ काचेच्या बाटलीतच हवी. म्हणजे 'सगळ्या गोळ्या' असं सरसकट लिहिणंच चुकलं होतं.

आता भांडण. गोदरेजचं कपाट.

काका, 'कुणाला काही झालं नाही' हे तुम्हाला कसं कळलं? सादळलेलं बिस्कीट दाताला कळतं, सादळलेली काडेपेटी पेटत नाही. गोळी गुपचूप सादळते. बीपीची गोळी थोडी निकामी झाली आणि बीपी वाढलं, तर आपण दोष लोणच्याला देतो. ॲस्पिरीन त्यातल्या त्यात प्रामाणिक. ओलाव्याने तिचे दोन तुकडे पडतात, सॅलिसिलिक ॲसिड आणि ॲसिटिक ॲसिड. दुसरं म्हणजे व्हिनेगरमधलंच, त्यामुळे बाटली उघडल्यावर आंबूस वास आला की समजायचं. बाकीच्या गोळ्या इतकी सूचना देत नाहीत. कपाट कुलूपबंद असतं, हवाबंद नाही. ज्या कपाटातल्या पैठणीला बुरशी येते, तिथली हवा गोळीलाही लागतेच.

आणि सगळीच पाकिटं ॲल्युमिनियमची नसतात, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक. पारदर्शक साध्या पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटातून वाफ हळूहळू आत शिरते, त्यावर पीव्हीडीसी या ओलावा अडवणाऱ्या प्लॅस्टिकचा थर दिलेला असला तर कमी. आमच्याकडे थायरॉईडच्या गोळ्यांची मोठी बाटली येते. ती रोज सकाळी उघडते, म्हणजे सप्टेंबर संपेपर्यंत शंभरेक वेळा. दुकानदार कात्रीने अर्धं पाकीट कापून देतो, त्यात एखाद्या गोळीच्या कडेला चीर जाते. लवणभास्कर चूर्णाला तर नावातच मीठ आहे, पाणी सुटणारच. डबा हवा तो यांच्यासाठी. कंपनीचं पाकीट हे पहिलं पांघरूण, डबा दुसरं. पहिलं काढून दुसरं घालण्याचा शहाणपणा मी केला होता, तेवढा मागे घेते.

पाकिटावर 'थंड व कोरड्या जागी ठेवा' छापलेलं असतं, त्याचं मला नेहमी हसू येतं. इंडियन फार्माकोपिआत, म्हणजे औषधांच्या आपल्याकडच्या अधिकृत प्रमाणग्रंथात, 'थंड' म्हणजे ८ ते २५ अंश. ठाण्यात अशी जागा कुठे, वातानुकूलित मॉलमध्ये? जुलैत आपल्याकडे आर्द्रता सकाळी ८५ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे 'कोरडं'ही घरात मुद्दाम तयार करावं लागतं.

आता तुमचा सगळ्यात चांगला मुद्दा, कोंडलेली हवा. यावरच मी वही काढली. ३० अंशांना घनमीटरभर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. आर्द्रता ८५ टक्के धरली तर लिटरभर डब्यात साधारण २५ मिलिग्रॅम. अर्धा थेंब! तेवढ्याने गोळ्यांचं काही बिघडत नाही. एक ग्रॅमची सिलिका जेलची, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची, पुडी आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकं पाणी सहज घेते, म्हणजे २०० मिलिग्रॅम. मी खूश झाले, म्हटलं काकांना सांगू, हवा कोंडली म्हणून काय झालं.

मग डबा उघडून बघितला तर आत औषधांची खोकी. गोळ्यांपेक्षा पुठ्ठाच जास्त! चार खोकी आणि घडी घातलेली माहितीपत्रकं काट्यावर ३० ग्रॅम भरली. पावसाळ्यात कागद आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं पाणी धरून बसतो. म्हणजे तीन ग्रॅम. १२० डब्यांच्या हवेत असेल तेवढं पाणी मी स्वतःच्या हाताने आत ठेवलं होतं आणि ते सुकवायला एकेक ग्रॅमच्या दोन पुड्या! बिचाऱ्या पहिल्याच दिवशी हरल्या असणार. बाटलीच्या तोंडाशी असलेला कापसाचा बोळाही याच जातीचा, बाटली उघडली की तो फेकायचा. तुम्ही हवेला दोष दिलात, मी झाकणाला, आणि चोर निघाला पुठ्ठा.

म्हणून आता खोकी बाहेर. खोक्याचा आणि पत्रकाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवते. पाकीट कापताना मुदतीची बाजू शेवटपर्यंत राखते. बेडरूममधला एसी तासभर चालला की तिथेच बसून डबे भरते, तेव्हा हवा त्यातल्या त्यात कोरडी असते.

डब्यांचंही सांगते, कारण मूळ लेखात मी पाच लिटरचा एक मोठा डबा घ्या म्हटलं होतं. नको. मोठा डबा दिवसातून चारदा उघडला की दर वेळी भरपूर नवी हवा आत जाते. साठ्याचा डबा वेगळा, महिन्यातून एकदोनदा उघडायचा. रोजच्यासाठी अर्ध्या लिटरचा. चारी बाजूंनी खटके आणि झाकणात सिलिकॉनची रबरी कडी असलेला प्लॅस्टिकचा डबा चालतो. पण काचेतून वाफ जात नाही, प्लॅस्टिकमधून महिनोन्‌महिने थोडी थोडी जातेच, म्हणून मला जॅमची स्वच्छ धुऊन उन्हात खडखडीत वाळवलेली बरणी जास्त आवडते. आत अख्खी पाकिटं उभी ठेवायची, सुट्या गोळ्या नाहीत, आणि बरणी कपाटात, उजेडापासून लांब. (हो, शेवटी बरणीच! पण या वेळी पाकिटासकट.) स्टीलचा डबा दिसायला भक्कम, पण झाकणाला रबर नसेल तर तो पोळ्यांसाठीच बरा. शंका असेल तर आत वर्तमानपत्राचा कपटा टाकून डबा बंद करायचा आणि दहा मिनिटं बादलीत बुडवून धरायचा. कपटा ओला झाला तर तो डबा औषधाला नाही.

सिलिका जेल निळं घेऊ नका. तो रंग कोबाल्ट क्लोराइडचा, घातक असतो. केशरी मिळतं ते घ्या, पुडीतलंच, आणि लहान मुलांपासून लांब ठेवा. तांदूळ टाकायची सूचना आणखी दोघींनी केलीय. तांदूळ स्वतःच हवेइतका ओला असतो, त्यात पोरकिडे फुकट. गोळ्या फ्रिजमध्येही नकोत, बाहेर काढल्या की पाकिटावर दव धरतं. इन्शुलिनचं प्रकरण वेगळं, न उघडलेलं इन्शुलिन २ ते ८ अंशांत फ्रिजमध्येच.

तुम्ही विचारलंत, 'डबा खरंच कोरडा आहे हे कशावरून?' यंत्र विकत न घेता सांगते. शुद्ध मीठ ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की आपणहून विरघळायला लागतं, म्हणून तर पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं. खडे मीठ नको, त्यातल्या इतर क्षारांमुळे ते त्याआधीच ओलं होतं. तव्यावर कोरडं केलेलं साधं बारीक मीठ दोन बाटल्यांच्या झाकणांत चिमूट-चिमूट घेतलं. एक झाकण डब्यात, एक ओट्यावर. गेल्या गुरुवारी ठेवलं. ओट्यावरचं रविवारीच ओलं झालं. आज बुधवार, डब्यातलं अजून सुटं आहे.

मूळ लेखातला बरणीचा परिच्छेद काढलाय आणि तिथे तुमची प्रतिक्रिया जशीच्या तशी टाकलीय, 'बाई'सकट. काकूंना नमस्कार सांगा. आणि जमलं तर त्यांच्या कपाटातही एक चिमूट मीठ ठेवून बघा, किती दिवस टिकतं ते इथेच लिहा.